मनोविकार आणि घटस्फोट : सुरतेतला कायदा, गोव्यातला कायदा

वीस-पंचवीस वर्षांच्या संसारानंतर पतीला किंवा पत्नीला गंभीर मनोविकाराने ग्रासले असेल, तर तो विवाह कायद्याने संपवता येतो का? या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर होकारार्थी आहे. मात्र आजाराचे नाव सांगितले की घटस्फोट मिळाला, असे होत नाही. आजाराचे स्वरूप कोणते, तो किती तीव्र आहे, त्याच्यासोबत राहणे दुसऱ्या जोडीदाराला खरोखर अशक्य झाले आहे का आणि विभक्त झाल्यावर आजारी व्यक्ती कोठे व कशाच्या आधारावर जगणार, या सर्व बाबी न्यायालय तपासते. पहिले तीन प्रश्न वकील विचारतात. चौथा प्रश्न घरातल्यांनी स्वतःला विचारायचा असतो, आणि बहुतेक वेळा तोच राहून जातो.

या लेखात सुरत आणि गोवा या दोन ठिकाणचे कायदे शेजारी शेजारी ठेवले आहेत. सुरतेत मराठी भाषकांची वस्ती मोठी आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या भागांतून ताप्ती खोऱ्यातील रेल्वेमार्गाने कापड गिरण्यांच्या कामासाठी आलेली खानदेशी कुटुंबे उधना, लिंबायत, पांडेसरा या परिसरांत पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. अशा घरांशी गोव्यातील कुटुंबांचे सोयरसंबंध जुळतात, नोकरीनिमित्त गोमंतकीयही गुजरातेत जातात. संसाराची अडचण तीच असते, कायदा मात्र वेगळा असतो. सुरतेच्या दक्षिणेला असलेल्या दमणमध्येही पोर्तुगीज काळातील नागरी कायदा चालत आला आहे, हे लक्षात घेतले तर हा फरक किती जवळचा आहे ते कळते.

आजाराविषयी आधी

गंभीर मनोविकार या संज्ञेत मुख्यतः तीन आजार येतात : स्किझोफ्रेनिया म्हणजे छिन्नमनस्कता, द्विध्रुवीय विकार म्हणजे उन्माद व नैराश्य यांच्या आळीपाळीने येणाऱ्या लाटा आणि भ्रम किंवा भास यांसह येणारे तीव्र नैराश्य. छिन्नमनस्कतेची सुरुवात बहुधा विशीच्या आसपास किंवा तिशीपर्यंत होते. आपल्याकडे लग्नाचे वयही तेच असते. त्यामुळे पुष्कळ घरांत आजाराची पहिली लक्षणे लग्नानंतरच दिसतात. काही स्त्रियांमध्ये हा आजार चाळिशीनंतर, रजोनिवृत्तीच्या सुमारास प्रथम प्रकट होतो. म्हणजे ‘लग्नाआधीच होते, लपवून ठेवले’ हा सासरचा संशय प्रत्येक वेळी खरा नसतो.

या आजाराचे एक लक्षण जोडीदाराला सर्वांत अधिक थकवते. आपण आजारी आहोत हेच रुग्णाला मान्य नसते. तो औषध घेत नाही, घेतले तर बरे वाटू लागताच बंद करतो, आणि औषध बंद झाले की आजार उलटतो. संशय, रात्रीचे जागरण, पैशांची उधळण, घर सोडून जाणे, कधी मारहाण, असा क्रम वर्षानुवर्षे चालू राहतो. यातले बरेचसे वर्तन आजारातून येते, स्वभावातून नव्हे. पण ते सोसणाऱ्याच्या अंगावर जे वळ उठतात ते खरेच असतात. कायद्याला या दोन्ही गोष्टी एकाच वेळी लक्षात ठेवाव्या लागतात.

उपचारही आहेत. गोळ्यांबरोबरच महिन्यातून एकदा घ्यायची इंजेक्शने आहेत. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या छिन्नमनस्कतेसाठी क्लोझापिन आहे, त्यासाठी नियमित रक्ततपासणी करावी लागते. गोव्यात बांबोळीची मनोचिकित्सा व मानवी वर्तन संस्था हे मुख्य सरकारी केंद्र आहे. गुजरातेत सरकारी मनोरुग्णालये अहमदाबाद, वडोदरा, जामनगर व भुज येथे आहेत. सुरतेतील रुग्ण तेथील नवीन सिव्हिल हॉस्पिटलच्या मनोविकार विभागाकडे जातात. उपचार पूर्णपणे आणि पुरेसा काळ करून पाहिले का, हा प्रश्न न्यायालयातही विचारला जातो, हे पुढे येईलच.

कायदा इथवर कसा आला

एकोणिसाव्या शतकात हिंदू विवाहात न्यायालयीन घटस्फोट नव्हता. रखमाबाईंच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने १८८७ मध्ये त्यांना पतीकडे नांदायला जाण्याचा किंवा तुरुंगवास पत्करण्याचा हुकूम दिला होता. याच रखमाबाई पुढे इंग्लंडमध्ये डॉक्टर झाल्या आणि १८९५ पासून दीर्घ काळ त्यांनी सुरतेच्या स्त्री रुग्णालयात काम केले. त्यांचा खटला मनोविकाराचा नव्हता, परंतु नको असलेल्या विवाहातून बाहेर पडण्याचा मार्गच त्या काळी नव्हता, हे त्यातून दिसते.

त्यानंतरचा क्रम पाहण्यासारखा आहे. गोव्यात पोर्तुगीज प्रजासत्ताकाचा घटस्फोटाचा कायदा ३ नोव्हेंबर १९१० रोजीचा आहे. सुरतेला लागून असलेला नवसारी प्रांत बडोदे संस्थानात होता, आणि सयाजीराव गायकवाडांच्या या संस्थानाने १९३१ मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. सुरत जिल्हा ब्रिटिश मुंबई इलाख्यात असल्यामुळे तेथे असा कायदा १९४७ मध्ये आला. अखेर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने देशभरासाठी एक चौकट दिली. गोवा मुक्त झाल्यावर हा कायदा गोव्याला लागू करण्यात आला नाही. तेथे १९१० चा कायदा कायम राहिला.

सुरतेत : हिंदू विवाह कायदा

हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३(१)(तीन) मध्ये हा आधार दिलेला आहे. मूळ कायद्यात अट कडक होती : जोडीदार अर्ज करण्यापूर्वी सलग तीन वर्षे असाध्य मनोविकल असला पाहिजे. १९७६ च्या दुरुस्तीने तीन वर्षांची अट गेली आणि आधार दोन प्रकारचा झाला. एक, जोडीदार असाध्य मनोविकल असणे. दुसरा, त्याला सतत किंवा अधूनमधून असा आणि इतका मनोविकार असणे, की अर्जदाराने त्याच्यासोबत राहावे अशी वाजवी अपेक्षा करता येणार नाही. छिन्नमनस्कतेचा उल्लेख कायद्याच्या स्पष्टीकरणात नावानिशी आहे.

‘असा आणि इतका’ हे दोन शब्द या कलमाचे मर्म आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या निकालात तेच सांगितले. एखाद्यावर छिन्नमनस्कतेचा शिक्का मारणे पुरेसे नाही. त्या आजाराची तीव्रता सहजीवन अशक्य करणारी आहे, हे पुराव्याने दाखवावे लागते. त्यामुळे डॉक्टरांचे प्रमाणपत्र हा पुराव्याचा आरंभ असतो, शेवट नव्हे.

लग्नापूर्वीचा आजार लपवला असेल, तर कलम १२ खाली फसवणुकीच्या आधारावर विवाह रद्द करून मागता येतो. पण त्यासाठी फसवणूक उघड झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो आणि ती कळल्यानंतर अर्जदार स्वखुशीने जोडीदाराबरोबर नांदलेला नसावा लागतो. दीर्घ विवाहांत ही वाट बहुधा कधीच बंद झालेली असते.

मुस्लिम स्त्रीला १९३९ च्या कायद्यानुसार पती दोन वर्षे वेडसर असेल तर विवाहविच्छेद मागता येतो. ख्रिस्ती जोडप्यांसाठी १८६९ च्या कायद्यात, २००१ च्या दुरुस्तीनंतर, किमान दोन वर्षे सलग असाध्य मनोविकलता हा आधार आहे. नोंदणी विवाहासाठी १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातील तरतूद हिंदू विवाह कायद्यासारखीच आहे.

पुण्याचा दास्ताने खटला

या विषयावरचा मराठी घरातला सर्वांत प्रसिद्ध खटला पुण्याचा आहे. नारायण गणेश दास्ताने विरुद्ध सुचेता नारायण दास्ताने हा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९ मार्च १९७५ रोजी दिला. न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी तो लिहिला. विवाह १९५६ चा होता. लग्न ठरताना मुलीच्या वडिलांनी पत्रे लिहून कळवले होते की, तिला पूर्वी उन्हाचा तीव्र त्रास झाला होता, त्याचा मनावर परिणाम झाला होता आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयात तिच्यावर उपचार झाले होते. मुलाने हे जाणून लग्न केले.

पुढे संसारात बिघाड झाला. १९६१ मध्ये दोघे वेगळे झाले आणि १९६२ मध्ये पतीने पुण्याच्या न्यायालयात अर्ज केला. त्याच्या मागण्या तीन होत्या. फसवणुकीमुळे विवाह रद्द करावा, ते न झाल्यास मनोविकलतेच्या आधारावर घटस्फोट द्यावा आणि तेही न झाल्यास क्रूरतेच्या आधारावर न्यायिक विभक्तता द्यावी. पहिल्या दोन मागण्या पहिल्याच न्यायालयात फेटाळल्या गेल्या. सर्वोच्च न्यायालयापुढे फक्त क्रूरतेचा मुद्दा उरला. पत्नीचे काही वर्तन क्रूरतेत मोडते, असे न्यायालयाने मानले. पण त्या प्रसंगांनंतरही दोघे पती-पत्नी म्हणून नांदत राहिले, म्हणजे पतीने ते वर्तन माफ केले, असा निष्कर्ष काढून न्यायालयाने पतीचे अपील फेटाळले.

दीर्घ संसार करणाऱ्यांसाठी या खटल्यात तीन धडे आहेत. पहिला, वैवाहिक दाव्यात ‘संशयातीत’ पुराव्याची गरज नसते, संभाव्यतेचे पारडे कोणीकडे झुकते ते पाहिले जाते. हे तत्त्व आजही याच निकालाच्या आधारे सांगितले जाते. दुसरा, सोसून सोसून नांदत राहणे कायद्याच्या भाषेत कधी कधी माफी ठरते, निदान क्रूरतेच्या आधाराबाबत तरी. तिसरा, वेळेचा. १९६२ चा अर्ज १९७५ मध्ये निकाली निघाला. तेरा वर्षांत दोघेही ना धड विवाहित राहिले, ना धड मोकळे झाले.

निकालांच्या दोन दिशा

नंतरच्या निकालांत न्यायालय कधी एका बाजूला, कधी दुसऱ्या बाजूला झुकलेले दिसते. पण त्यामागील कसोटी एकच आहे.

विनिता सक्सेना विरुद्ध पंकज पंडित या २००६ च्या निकालात पत्नीने अर्ज केला होता. पतीला संशयप्रधान छिन्नमनस्कता होती, दोघे जेमतेम पाच महिने एकत्र राहिले होते आणि त्यानंतर तेरा वर्षे वेगळे होते. सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोट मंजूर केला.

कोल्लम चंद्रशेखर विरुद्ध कोल्लम पद्मलता या २०१३ च्या निकालात नेमके उलट घडले. दोघेही डॉक्टर होते. पत्नीला छिन्नमनस्कता आहे, असा पतीचा दावा होता. आजार उपचारांनी आटोक्यात राहू शकतो, पत्नीने याच काळात पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले आहे, मग सहजीवन अशक्य कसे, असा विचार करून न्यायालयाने पतीची मागणी नाकारली. जोडीदार काम करतो आहे, औषधे घेतो आहे, स्वतःला सांभाळतो आहे, तर त्याच्या नुसत्या निदानावर विवाह मोडता येत नाही, हे या निकालाचे सार आहे.

शारदा विरुद्ध धर्मपाल या २००३ च्या निकालाने वैद्यकीय तपासणीचा प्रश्न सोडवला. वैवाहिक न्यायालय जोडीदाराच्या तपासणीचा आदेश देऊ शकते आणि त्याने व्यक्तिस्वातंत्र्याचा भंग होत नाही. मात्र त्यासाठी अर्जदाराकडे सकृद्दर्शनी भक्कम आधार हवा. आदेशानंतरही तपासणीस नकार दिला, तर त्यातून न्यायालय प्रतिकूल निष्कर्ष काढू शकते.

संसार पूर्ण कोलमडला आहे एवढ्याच कारणावरून घटस्फोट देण्याची तरतूद हिंदू विवाह कायद्यात नाही. सर्वोच्च न्यायालय घटनेच्या अनुच्छेद १४२ खाली तसा विवाह संपवू शकते, असे घटनापीठाने १ मे २०२३ रोजी शिल्पा शैलेश निकालात स्पष्ट केले. सुरतेच्या कौटुंबिक न्यायालयाला तो अधिकार नाही.

गोव्यात : १९१० चा कायदा

गोव्याच्या कायद्याने याच दुःखाकडे वेगळ्या नजरेने पाहिले आहे. १९१० च्या कायद्याच्या चौथ्या कलमात वादग्रस्त घटस्फोटाचे आधार दिले आहेत. त्यांत असाध्य वेड हा एक आधार आहे, पण त्याला एक अट जोडलेली आहे. आधी स्वतंत्र कार्यवाहीत न्यायालयाने त्या व्यक्तीचे वेड निकालाने निश्चित केले पाहिजे, तो निकाल अंतिम झाला पाहिजे आणि त्यानंतर किमान तीन वर्षे उलटली पाहिजेत.

सुरतेत निदान, तीव्रता आणि घटस्फोट यांचा विचार एकाच दाव्यात होतो. गोव्यात या आधारावर जायचे तर दोन टप्पे आहेत आणि दोहोंमध्ये सक्तीची प्रतीक्षा आहे. प्रतीक्षा करणाऱ्याला ती जाचक वाटते. परंतु पहिल्या टप्प्यातच आजारी व्यक्तीची स्थिती न्यायालयासमोर येते आणि तिच्या देखभालीचा विचार करायला अवसर मिळतो, ही तिची दुसरी बाजू आहे.

याच कलमात आणखी एक आधार आहे : दोघांच्या मुक्त संमतीने, कारण कोणतेही असो, सलग दहा वर्षे प्रत्यक्ष वेगळे राहणे. वर्षानुवर्षे आजारी जोडीदार माहेरी किंवा भावाकडे राहतो आणि दोघांनीही ते मान्य केलेले असते, अशा घरांना हा आधार जवळचा आहे. त्यात कोणालाही वेडा ठरवावे लागत नाही. परस्पर संमतीचा मार्गही आहे, त्यासाठी विवाहाला दोन वर्षांहून अधिक काळ झालेला असावा आणि दोघांनीही वयाची पंचवीस वर्षे पूर्ण केलेली असावीत. कॅथलिक चर्चमध्ये झालेल्या विवाहांचे नियम वेगळे असून ते या लेखाच्या कक्षेत येत नाहीत.

सर्वांत मोठा फरक मालमत्तेत आहे. गोव्यात विवाहपूर्व करार केलेला नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक मानली जाते आणि प्रत्येकाचा त्यात अर्धा वाटा असतो. घटस्फोटानंतर हा वाटा वेगळा होतो. आजारी जोडीदाराने कधी एक पैसा कमावला नसला, तरी तो अर्ध्याचा धनी असतो. सुरतेत लागू असलेल्या कायद्यात असा आपोआप मिळणारा वाटा नाही. तेथे सारी भिस्त पोटगीवर राहते.

गोव्यात नोंदलेल्या विवाहातील जोडपे सुरतेत राहत असेल, तर सध्याचा पत्ता पाहून दावा ठोकू नये. अधिवास कोणता, विवाहाची नोंदणी कोठे झाली, मालमत्ता कोठे आहे, या तीन गोष्टींची कागदपत्रे आधी दोन्ही राज्यांचा कायदा जाणणाऱ्या वकिलाला दाखवावीत.

दावा कसा चालतो

हिंदू विवाह कायद्याखालचा अर्ज विवाह जेथे झाला, प्रतिवादी जेथे राहतो किंवा दोघे शेवटी जेथे एकत्र राहिले, तेथील न्यायालयात करता येतो. पत्नी अर्जदार असेल तर ती जेथे राहते तेथेही. म्हणून सुरतेत संसार केलेली आणि आजारपणात धुळ्याला माहेरी गेलेली पत्नी असेल, तर पतीला सुरत व धुळे दोन्ही पर्याय असतात. खटला बंद दालनात चालवण्याची तरतूद आहे.

प्रतिवादी स्वतःचे हित सांभाळण्यास असमर्थ असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ३२ व्या आदेशानुसार न्यायालय त्याच्यासाठी पालक नेमते. हा पालक अर्जदाराच्या बाजूचा नसावा. या नियमाकडे दुर्लक्ष करून मिळवलेला हुकूमनामा पुढे टिकत नाही. समन्सवर आजारी माणसाची सही घेऊन, त्याच्या गैरहजेरीत एकतर्फी निकाल मिळवण्याचा मोह काही जणांना होतो. तो न्यायाचाही नव्हे आणि शहाणपणाचाही नव्हे.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. मनोविकाराचे निदान झाले म्हणून ती व्यक्ती मनोविकल ठरत नाही, तसे सक्षम न्यायालयानेच जाहीर करावे लागते, हे त्याने नोंदवले. कलम १०५ अन्वये, न्यायालयात सादर केलेल्या मनोविकाराच्या पुराव्याला दुसऱ्या पक्षाने आव्हान दिले, तर न्यायालय ते प्रकरण मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे तपासणीसाठी पाठवते. रुग्णाच्या उपचारांची माहिती गोपनीय आहे. जोडीदाराची फाइल परस्पर मिळवून न्यायालयात मांडण्याऐवजी ती न्यायालयाच्या आदेशाने मागवणे हाच योग्य मार्ग आहे.

परस्पर संमतीचा घटस्फोट सोपा वाटतो. परंतु संमती देणाऱ्याला आपण काय मान्य करतो आहोत हे समजले पाहिजे. आजार आटोक्यात असताना, स्वतंत्र वकिलाच्या सल्ल्याने आणि डॉक्टरांच्या लेखी मताने दिलेली संमती टिकते. रुग्णालयातून घरी येताच घेतलेली सही टिकण्याची खात्री नसते. सहा महिन्यांची प्रतीक्षा न्यायालय योग्य प्रकरणात माफ करू शकते, हे २०१७ च्या अमरदीप सिंग निकालाने ठरले आहे. अशा प्रकरणांत मात्र ती घाई नसलेलीच बरी.

स्त्रिया आणि दिव्यांग व्यक्ती यांना १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार मोफत वकील मिळतो. त्यासाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१०० आहे.

पैसा आणि छप्पर

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली दाव्याच्या काळातली आणि कलम २५ खाली कायमची पोटगी मिळते. पती असो वा पत्नी, गरजू जोडीदार ती मागू शकतो. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता व देणी यांचे शपथपत्र द्यावे लागते. छिन्नमनस्कतेच्या रुग्णाची औषधे, तपासण्या, अधूनमधूनची रुग्णालयातील भरती आणि सोबतीला लागणारे माणूस, हा खर्च शपथपत्रात स्वतंत्र ओळींत लिहावा. एकरकमी रक्कम थेट रुग्णाच्या हाती पडली आणि उन्मादाची लाट आली, तर ती आठवड्यात संपू शकते. त्यामुळे दरमहा रक्कम किंवा विश्वस्त व्यवस्था अधिक सुरक्षित असते.

घटस्फोटाबरोबर आणखी काही आधार निघून जातात. घटस्फोटित जोडीदार वारसदार राहत नाही, कुटुंब निवृत्तिवेतनावर त्याचा हक्क राहत नाही आणि कौटुंबिक आरोग्य विम्यातून त्याचे नाव गळते. त्याआधी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढून ठेवणे हिताचे असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मनोविकाराचा समावेश आहे. राहत्या घराचा प्रश्न याहून मोठा आहे. कुटुंबाने टाकून दिलेल्या मनोरुग्णाला कायदेविषयक साहाय्य देणे आणि कुटुंबाच्या घरात राहण्याचा त्याचा हक्क बजावण्यास मदत करणे, ही सरकारची जबाबदारी असल्याचे २०१७ चा कायदा सांगतो. मनोरुग्णालयात भरती करून पत्ता बदलणे हा घटस्फोट नव्हे.

न मोडता वेगळे होणे

घटस्फोट हा एकच मार्ग नाही. न्यायिक विभक्ततेत एकत्र राहण्याचे बंधन जाते, विवाह उरतो, आणि त्याबरोबर वारसा व निवृत्तिवेतनही उरते. पुनर्विवाहाचा विचार नसलेल्या पन्नाशीपुढच्या जोडप्यांना हा मार्ग कित्येकदा अधिक मानवतो.

काहींनी संसार टिकवला. मूळचे धुळ्याचे आणि कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक झालेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला छिन्नमनस्कता होती. त्यांनी पत्नीला सांभाळले आणि त्या अनुभवातून पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था उभी केली. ‘देवराई’ हा २००४ चा चित्रपटही त्यांच्याच प्रयत्नातून झाला. पण वाणींचे उदाहरण दाखवून दुसऱ्याला बोल लावणे अन्यायाचे होईल. ज्या घरात मारहाण आहे, मुले भेदरलेली आहेत, सांभाळणारा स्वतःच आजारी पडला आहे, तेथे वेगळे होणे हाच कधी कधी सर्वांच्या हिताचा निर्णय असतो. मारहाण सोसणाऱ्या स्त्रीला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचे संरक्षण घटस्फोटाशिवायही मिळते. आजार हे हिंसेचे कारण असेल, पण हिंसा सहन करण्याचे ते कारण नव्हे.

अर्ज करण्यापूर्वी

वकिलाकडे जाण्यापूर्वी पाच गोष्टी कागदावर उतरवाव्यात.

१. आजाराची पहिली लक्षणे, निदान, डॉक्टर आणि औषधे यांचा तारीखवार तपशील, तसेच उपचार कधी व का थांबले ते.

२. एकत्र राहणे अशक्य करणारे प्रसंग, साक्षीदारांसह. विशेषणे नकोत, घटना हव्यात.

३. लग्नापूर्वी काय सांगितले गेले होते आणि त्याचा काही लेखी पुरावा आहे का ते.

४. मुलांचा ताबा, शिक्षण आणि आजारी पालकाशी त्यांच्या भेटी.

५. विभक्त झाल्यानंतर आजारी जोडीदार कोणाच्या घरी राहील, औषध कोण देईल, खर्च कोठून येईल.

पाचव्या मुद्द्यासाठी दोन्हीकडच्या नातेवाइकांची बैठक दाव्याआधी व्हावी, दावा दाखल झाल्यावर ती होत नाही. २०१७ च्या कायद्याप्रमाणे रुग्णाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो. अनेक घरांत ही भूमिका आपोआप जोडीदाराकडे आलेली असते. विभक्त होताना ती भावाकडे, बहिणीकडे किंवा सज्ञान मुलाकडे रीतसर सोपवली पाहिजे. घरच्यांना मानसिक आधार हवा असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक सांभाळणाऱ्यांसाठीही आहे.

न्यायालय विवाह संपवू शकते. रात्रीची गोळी कोण देणार, हे न्यायालय ठरवू शकत नाही. त्याचे उत्तर घेऊन जो न्यायालयाची पायरी चढतो, त्याचा दावा कायद्याच्या दृष्टीने अधिक बळकट असतो आणि त्याला पुढे स्वतःला तोंड देणेही सोपे जाते.